मुडशिंगीच्या बाईंनी फायली लावल्या

मला प्रेसमध्ये कामाला घेतलं मालकांनी, पण तिथं टिकवलं मुडशिंगीच्या बाईंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की ही बाई उपकार विसरली. विसरले नाही. पण एकाच माणसाबद्दल उपकार आणि हेवा दोन्ही मनात राहू शकतात. माझ्या मनात हेवा आधी येऊन बसला होता. उपकार मागून आला, आणि त्यानं हेव्याला उठवलं नाही, थोडं सरकून बसायला लावलं एवढंच.

मी यवतमाळकडची. आठवीत असताना आई अंथरुणाला लागली, घरचं सगळं माझ्यावर आलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं, नवऱ्याला इथल्या फौंड्रीत काम लागलं आणि आम्ही एक ट्रंक आणि एक कुकर घेऊन कोल्हापुरात उतरलो. माहेर इतकं लांब पडलं की अजून आईचा फोन आला की आधी माझ्या छातीत धस्स होतं, मग ती विचारते, "जेवली का वं?"

प्रेस लग्नपत्रिकांची. सुरुवातीला मी खाली सतरंजीवर बसून पत्रिकांना घड्या घालायचे, गोंडे ओवायचे, पाकिटांवर गणपती चिकटवायचे. माझी जागा कंप्युटरवाल्याच्या पाठीमागं होती. तो वर पत्रिका जुळवायचा आणि मी खालून मान उंच करून बघायचे. एकदा ऐन सीझनच्या तोंडावर तो पुण्याला निघून गेला. मालक डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हणाले, "मी करून पाहू का?"

"तुमास्नी येतंय?"

"पाह्यलंय मी."

"निस्तं बघून येतंय व्हय कुठं," मालक म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी पायानं खुर्ची माझ्याकडं ढकलली.

त्या दिवशी मी घरी नवऱ्याला काही बोलले नाही. उद्या उठवलं तर काय सांगायचं, ही भीती. बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही त्यानं विचारलं म्हणून, की तुझ्या बोटांना हल्ली डिंक कसा नसतो.

काम जमलं. दोन बोटांनी, पण जमलं. बटणं कुठली दाबायची ते मला कळत होतं, त्यांना काय म्हणतात ते कळत नव्हतं. आणि झालेलं काम ठेवायचं कुठं, हे तर मला कुणी दाखवलंच नव्हतं. तो कंप्युटरवाला काम करताना मी बघितला होता, आवरताना कधी बघितला नव्हता. तोही बहुतेक आवरत नसावा.

एका घरची पत्रिका पाच वेळा बदलते. मामाचं नाव राहिलं, चुलत्याचं वर घ्या, हॉल बदलला, मुहूर्त पंधरा मिनिटं पुढं गेला. दर वेळी माझी नवी फाइल. तिचं नाव फायनल. पुढची फायनल नवीन. मग फायनल खरी. मग हीच. मग हीच दोन. नवीन फोल्डरच्या पोटात नवीन फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. पडद्यावर मालकांनी जोतिबाचा फोटो लावलेला होता. त्याच्यावर फायलींची चिन्हं अशी दाटली की शेवटी देवाच्या मिशा तेवढ्या दिसायच्या.

त्यात आमच्याकडचा टाइप जुना. त्यातली अक्षरं आपल्याला मराठी दिसतात, कंप्युटरला भलतंच काहीतरी दिसतं. त्यामुळं आडनाव टाकून शोधायची सोय नव्हती. फाइलला जे नाव दिलं असेल तेवढाच धागा. आणि मी नावं द्यायचे ती माणूस मला कसा आठवतो त्यावरून. दूधवाले. पिवळी साडी. भांडण. रडली ती आई.

इथली रीत अशी की धाकट्याच्या लग्नाला थोरल्याचीच पत्रिका पुढं चालवायची. देव तोच, आजा-आजी तीच, भावकी तीच, खाली किलबिल तीच, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' वाली. नवरा-नवरी आणि तारीख तेवढी नवी. गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, "मागं आमच्या थोरल्याची केलती बगा, तीच काढा." मग मी चौकशी सुरू करायचे. लग्न कुठल्या हॉलात झालं? मुलीकडचे कुठले? तुम्ही भाऊ किती? आजी-आजोबा आहेत का? मागच्या वेळी कुणाचं नाव राहिलं म्हणून वाद झाला होता का? विचारता विचारता ते घर माझ्या डोळ्यांपुढं उभं राहायचं, आणि घर उभं राहिलं की फाइल सापडायची.

"ताई," एकजण म्हणाला होता, "तुम्ही पत्रिका काढालाय का आमची कुंडली?"

लोक हसायचे, मीही हसायचे. माझ्या 'मले-तुले'वर तर रोजच हसायचे. पण फाइल निघाली की म्हणायचे, बाईच्या ध्यानात मातूर हाय सगळं. ते ऐकायला मी दिवसभर थांबायचे, असं म्हटलं तरी चालेल.

मग मागच्या उन्हाळ्यात मला ताप आला. चार-पाच दिवस गेले नाही. लग्नाचा मोसम, दुकानात माणसं, आणि मालकांना एकही फाइल सापडेना. त्यांनी फायनल उघडली तर ती दुसऱ्याच कुणाची. मी परत गेले तेव्हा ते गिऱ्हाइकांपुढंच म्हणाले, "सगळं हिच्या टाळक्यात. हिला काय झालं तर मी काय दुकानाला कुलूप लावायचं?"

पहिल्यांदा मला ते ऐकून बरं वाटलं. संध्याकाळी घरी चालत जाताना ते वाक्य पुन्हा मनात आलं आणि तेव्हा त्यातला दुसरा अर्थ लागला. मालकांना माझं कौतुक नव्हतं वाटत. त्यांना भीती वाटत होती. आणि भीती वाटली की माणूस बंदोबस्त करतो.

बंदोबस्त आषाढात आला, स्कूटीवरून. शहरालगतच्या गडमुडशिंगीच्या बाई. माझ्याच वयाच्या, बीकॉम झालेल्या, आधी कुठल्याशा पतसंस्थेत कंप्युटरवर होत्या. लग्नं नसतात तेवढ्या दिवसांत त्यांनी आमच्या सगळ्या फायली लावून द्यायच्या आणि मी शेजारी बसून कुठली कुणाची ते सांगायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मालकांनी ठरवलं होतं.

त्यांनी स्कार्फ सोडला, हात धुतले, खुर्चीत बसल्या. माझ्या खुर्चीत. मी स्टूल घेतलं. पडदा उघडला आणि त्यांनी तो बराच वेळ नुसता पाहिला. मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वैनी, ह्यातनं तुम्ही रोज पत्रिका काढताय?"

"हो."

"मी असतो तर पळून गेलो असतो."

इथल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. मला अजून त्याची सवय नाही. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं की वाटायचं, ह्या बाईला स्वतःचं काहीही करायला कुणाला विचारावं लागत नसणार. त्यांची बोटं बटणांवर चालायची तेव्हा नजर पडद्यावर असायची. एकदाही खाली बघायच्या नाहीत. मी बघायचे, त्यांच्या बोटांकडं. घरी जाऊन मी ओट्यावर तशी बोटं फिरवून बघितली. कुकरच्या झाकणाला लागली.

पण बोटांचा हेवा फार टिकला नाही. शिकलेल्या माणसाला येणारच, असं मनाला सांगता येत होतं. जळजळ व्हायची ती दुसऱ्या गोष्टीनं. एखादी म्हातारी दुकानात यायची, बाईंकडं बघून विचारायची, "कुठली गं तू?"

"मुडशिंगीची."

"मुडशिंगीत कुणाची?"

त्या वडिलांचं नाव सांगायच्या. म्हातारी डोळे बारीक करायची. "म्हंजे तुझी आत्ती आमच्या गावात दिलीया की." झालं. तीन वाक्यांत आत्या निघायची, पाचव्या वाक्याला म्हातारीचा हात त्यांच्या गालावर. मी इतकी वर्षं त्याच दुकानात, त्याच लोकांच्या भावक्या पाठ करत बसलेली, आणि मला विचारलं की मी म्हणायचे, "यवतमाळ." मग समोरून यायचं, "लई लांब." तिथंच संपायचं. त्यापुढं कुठली आत्या निघणार?

फायली लावायचं काम असं चालायचं. त्या एक उघडायच्या, मी सांगायचे. "ही?" "मुरगूडची. थोरल्या मुलाची." "ही?" "त्यांचीच, चुकलेली." "ही?" "जोतिबावर दुकान आहे त्यांची, मुलीची." त्यांनी मांडणी केली होती: आधी तालुका, मग गाव, मग आडनाव, मग साल, मग नवऱ्याची का नवरीची. शेवटची खरी फाइल आत ठेवायची, बाकीच्या सगळ्या 'जुनं' नावाच्या एका मोठ्या फोल्डरात ढकलायच्या.

मधेच तथागतांचं चित्र असलेल्या पत्रिका लागल्या, मंगल परिणयाच्या. बाईंनी विचारलं, "ह्या एका वेगळ्या फोल्डरात ठेवू?"

"वेगळ्या कशाले?" मी म्हणाले. "ज्या गावच्या त्या गावात ठेवा."

माझ्या लग्नाची पत्रिका तशीच होती, ते मी बोलले नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि गावात ठेवल्या. त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला नाही. असे क्षण होते, नव्हते असं नाही.

बाकी रोज आतून जळत होते. मी उत्तर द्यायला इतकी घाई करायचे की फाइल नीट उघडायच्या आत सांगून मोकळी. मला येतं हे दाखवायची हौस, आणि दाखवून झालं की पस्तावायचे. कारण मी एक घर सांगितलं की ते माझ्याकडून निघून त्या फोल्डरात जाऊन बसायचं. सांगण्याआधी ते मला एकटीला माहीत होतं. सांगितल्यावर कुणालाही. रोज संध्याकाळी पडद्यावर चिन्हं कमी झालेली असायची, जोतिबाचे डोळे दिसायला लागले, मग घोडा दिसला. मालक खूश. "बघा, देव मोकळा झाला," म्हणायचे. मला वाटायचं, देव मोकळा झाला आणि मीही होणार.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तिनं काय चोरलं तुझं?"

"खुर्ची."

"मग तू कशावर बसते?"

"स्टुलावर."

"स्टूल बी खुर्चीच की," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. दिवसभर भट्टीपुढं उभं राहणाऱ्या माणसाला खुर्चीचं दुःख काय सांगायचं.

बाई माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा उघडला की भडंग माझ्यापुढं आधी. बटणांची नावं सांगायच्या, न विचारता, आणि असं सांगायच्या की मला ती ठाऊकच होती, नुसती आठवण करून दिली. मी शिकत होते. शिकवणाऱ्या माणसावर राग धरायला फार ताकद लागते. ती मी लावत होते.

गणपतीच्या आधी एक दिवस मी जिन्याखाली पाकिटांचे गठ्ठे बांधत होते. मालक आणि बाई दारात उभे होते. मालक म्हणाले, "दिवाळीपास्नं रोजच या की. कंप्युटर तुमीच बघा आता."

"आणि वैनी?"

"त्या हाईत की खाली. घड्या कोण घालणार?"

बाई म्हणाल्या, "बघतो. घरात इचारून सांगतो."

मी गठ्ठ्याची गाठ मारली, सोडली, परत मारली. घड्या घालण्यात कमीपणा नाही. मी घातल्या होत्या. पण खालून वर बसल्यावर पुन्हा खाली बसायचं म्हणजे रोज येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसणार होतं. आणि कंप्युटरवाल्या म्हणून मला दुसरीकडं कोण घेणार होतं? आठवी. दोन बोटं. या प्रेसच्या बाहेर मला येत असलेल्या गोष्टीला काही नावच नव्हतं.

मी ठरवलं, त्यांच्यासारखंच करून दाखवायचं. नवी मांडणी मी पाठ केली. कुठलंही गाव सांगितलं की फोल्डरात जिथं जायचं तिथं हात आपोआप जायला लागले. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, गिऱ्हाइकं सुरू झाली. बाईंनी मालकांना अजून उत्तर दिलं नव्हतं. आठवड्यातून दोन-तीनदा येत होत्या, राहिलेलं संपवत होत्या. मला एवढाच काळ होता.

तेव्हाच मुरगूडच्या त्या घरातला धाकटा मुलगा आला. हातात हेल्मेट, गाडी चालूच ठेवून. "ताई, थोरल्याची पत्रिका इथंच केलती. तीच ठिवा, नाव-तारीख बदला. मला गडहिंग्लजला जायाचंय."

मी बसले. कागल, मुरगूड, आडनाव, साल. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पत्रिका पडद्यावर.

तो बघतच राहिला. "मागल्या बारीला तासभर बसवलतं आमच्या दादाला."

"आता लावलंय सगळं," मी म्हणाले. लावलंय कुणी, ते सांगितलं नाही.

'ज्येष्ठ चिरंजीव'चं 'द्वितीय चिरंजीव' केलं, नवरीकडचं सगळं नवं घातलं, हॉल, मुहूर्त, वार. मोबाइलवर प्रूफ पाठवलं. त्यानं रस्त्यातूनच उत्तर दिलं, ओके. स्वतःचं नाव, तिचं नाव आणि तारीख बघितली असणार. नवरामुलगा तेवढंच बघतो. पत्रिका छापून गेल्या. बाई त्या दिवशी नव्हत्या आणि मला ते हवंच होतं. मालक म्हणाले, "बिगीनं झालं हे." मी त्या शब्दांवर दोन दिवस काढले.

मग रविवारी दुपारी ते सगळे दुकानात आले. धाकटा, त्याची आई आणि आजी. कपाळाला, केसांत, खांद्यांवर गुलाल. पहिली पत्रिका देवाला ठेवायची म्हणून पहाटे जोतिबाला गेले होते, तिथून थेट आमच्याकडं. बाई त्या दिवशी कंप्युटरवर होत्या, मी शेजारी.

धाकट्यानं पत्रिका टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आजोबांचं नाव. पुढं श्री. खाली निमंत्रकांत पुन्हा श्री.

"आमचा आजा जाऊन दुसरं वरीस हाय," तो म्हणाला.

त्याच्या आईनं पुढचं सांगितलं. आजीला वाचता येत नाही. देवापुढं पत्रिका ठेवायच्या आधी ती सुनेला म्हणाली, देवाला वाचून दाखव, सगळी वाच, कुणाचं नाव सोडू नगं. सून मोठ्यानं वाचायला लागली आणि सासऱ्याच्या नावाशी थांबली. मागं माणसांची रांग. आजी म्हणाली, काय झालं, वाच की.

मालक खुर्चीतून उठले. "कुणी केली ही?"

मी केली, असं मी म्हणाले. म्हणाले असं मला वाटतं. डोक्यात एकच होतं, झालं, आता खाली. मालकांनी बाईंकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हणून म्हणालो, कंप्युटर शिकल्या-सवरल्या माणसाच्याच हातात पाहिजे."

आणि बाई बोलल्या. मालकांकडं बघून, बसल्या जागेवरून, हात बटणांवरच ठेवून.

"दादा, हे मी केलं असतं तरी असंच झालं असतं. आजोबा गेलेत हे फायलीला कसं कळणार? आधी वैनींना सापडायचं न्हाई, म्हणून त्या इचारत बसायच्या. आजा हाय का, आजी हाय का, कोण रुसलंय का. फाइल शोधायच्या निमतानं घरातलं सगळं कळायचं. मी फायली अशा लावल्या की कुणाला कायबी इचारायला नगं. ते इचारणंच मी काढून टाकलं. माझ्या ध्यानात आलं न्हाई, त्यांच्याबी न्हाई."

"मग तुम्ही बसा आणि इचारा," मालक म्हणाले.

"मला कोण सांगतंय?" त्या म्हणाल्या. "मी मुडशिंगीची. आता ह्या आजींनी इचारलं तर तीन वाक्यांत पै-पावणं निघंल. चुलत्याशी बोलणं न्हाई, त्यांचं नाव नगं, हे मला कोण सांगणार? मी सांजच्याला ते कुणाला सांगितलं तर? ह्यांना सांगत्यात. ह्या लांबच्या. ह्यांच्यापाशी बोललं ते इथंच ऱ्हातंय. दिवाळीपास्नं या म्हणालता, त्याचं उत्तर आत्ताच देतो. मला जमणार न्हाई. ह्यांनाच बसवा."

मालक पुन्हा खुर्चीत बसले. आजी पुढं झाली. तिनं पत्रिका उचलली, आजोबांच्या नावावरून अंगठा फिरवला. वाचता येत नसलं तरी नाव कुठं आहे ते तिला आता ठाऊक होतं.

"सुनेनं त्येंचं नाव घेतलं तवा मला वाटलं, मागं उभं हाईत," ती म्हणाली. "देवाच्या दारात मागं वळून बघितलं की मी." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरी, दुसरी छाप. ही एक मला ऱ्हाऊ दे."

धाकट्यानं तिच्या हाताला धरलं. नव्या पत्रिका दुसऱ्या दिवशी नेतो म्हणाला, आणि जाताना मलाच विचारलं, "आणखी काय इचारायचं असलं तर आत्ताच इचारा, ताई." मी विचारलं. किलबिलीतली थोरली आता कॉलेजात गेली होती, तिचं नाव तिथून काढायचं होतं. धाकट्या आत्यांचे यजमानही गेले होते. आजी सांगत होती आणि मी लिहून घेत होते, बाई पत्रिकेत बदलत होत्या.

ते गेल्यावर मी आणि बाई दुकानाच्या पायरीवर बसलो. चहा आला. मी विचारलं, "तुम्ही नाही कशाले म्हणाल्या?"

"म्हणालो ते खरं होतं म्हणून."

"तेवढ्यानं कुणी काम सोडते का?"

त्या चहावर फुंकर घालत म्हणाल्या, "मला दुसरीकडं मिळंल, वैनी. तुमास्नी मिळंल का?"

इथली माणसं अशी बोलतात. दगड फेकतात आणि वर विचारतात, लागलं का. मला लागलं. कारण ते खरं होतं, आणि कारण त्याच क्षणी मला त्यांचा इतका हेवा वाटला, जेवढा बोटांचा, आत्यांचा, स्कूटीचा कधी वाटला नव्हता. ह्या बाईला नाही म्हणणं परवडत होतं. मी आयुष्यात कशाला नाही म्हणाले होते? शाळेनं मला सोडलं, गाव मी सोडलं नवऱ्याच्या मागं, खुर्चीवर बसले ती कुणी निघून गेलं म्हणून आणि टिकले ती कुणी नको म्हणाली म्हणून. माझ्या वाट्याला सगळं दुसऱ्यानं सोडलेलंच आलं. मला रडू आलं आणि त्यांना वाटलं, उपकारानं रडतेय. तेही होतं. किती कुठलं, ते मलाही सांगता आलं नसतं.

"चहा प्या," त्या म्हणाल्या, "साय धरली."

दुसऱ्या आठवड्यात फायलींचं काम संपलं आणि त्यांनी येणं थांबवलं. महिन्याभरात कागलला एका कारखान्याच्या ऑफिसात लागल्या. म्हणजे मिळालंच. मला आनंद झाला, आणि झालेला आनंद सबंध नव्हता.

मांडणी त्यांचीच चालू आहे. तालुका, गाव, आडनाव, साल. फाइल क्षणात निघते. पण मी ती लगेच काढत नाही. आधी गिऱ्हाइकाला बसवते, विचारते, घरची मंडळी कशी आहेत, कुणी कमी झालं का, कुणी नवं आलं का. मालक आता घाई करत नाहीत. कधी कधी तेच म्हणतात, "आवं, त्यांना आधी इचारा की." दोन बोटांची चार झालीत माझी. नजर अजून खाली जाते.

अजून मी धास्तीत असते. एखादी तरुण मुलगी दुकानात येऊन कंप्युटरकडं जरा जास्त वेळ बघत राहिली की मी खुर्ची आणखी पुढं ओढून घेते. अजून कुणी म्हातारी कुणाच्या गालावर हात ठेवताना दिसली की काहीतरी टोचतं. बाईंचा फोन येतो. ऑफिसातल्या गोष्टी सांगतात. परवा म्हणाल्या, तिथं नवे साहेब आलेत, जुन्या माणसांचं त्यांना काही पटत नाही. हसत सांगत होत्या, पण हसण्याच्या मधे एकदा थांबल्या. तो थांबा मला कळला. तसा मी पुष्कळ वेळा थांबलेली आहे.

मी त्यांना काही बोलले नाही. माझ्यापाशी देण्यासारखं आज काही नाही. ओळख नाही, शिक्षण नाही, माझ्या शब्दाला कुठल्या ऑफिसात किंमत नाही. पण प्रेसमध्ये सगळ्या तालुक्याचे लोक येऊन माझ्यापुढं बसतात, पोटातलं बोलतात, आणि हळूहळू माझंही थोडं ऐकायला लागलेत. कधीतरी अशी वेळ येईल की एखाद्या खोलीत त्यांच्या खुर्चीचा विषय निघेल आणि त्या खोलीत मी असेन. तेव्हा मी कुणी विचारायची वाट बघणार नाही. बसल्या जागेवरून बोलेन, त्या बोलल्या तसं, खरं असेल ते. हेवा तोवर गेला असेल का, ते सांगता येत नाही. तो असला तरी बोलेन. एवढं त्यांना माझ्याकडून येणं आहे आणि ते मी देईन.